हळदीचा सदरा

मोठागाव, डोंबिवली
ता. ३ फेब्रुवारी १९९१

ती. दामाजीमामांस,
भाचा कुंडलिकचा सा. न. वि. वि.

लग्न एप्रिलच्या शेवटच्या रविवारी धरलंय, हळद आदल्या रात्री. तुमच्या बहिणीनं आत्तापासून घर डोक्यावर घेतलंय. कल्याणहून तुळसाकडची माणसं येऊन बोलणी पक्की करून गेली.

मामा, लग्नाचे कपडे तुम्हीच शिवा. पण त्याआधी हळदीसाठी एक सदरा हवा. जाड कापडाचा, सैल, बटणं थेट गळ्यापर्यंत. मापाला यायला जमणार नाही, व्यायामशाळेत पोरांना शिकवायचं असतं. जुन्या मापानंच शिवा, छातीला मात्र चार बोटं जास्त सोडा. आणि आईला सांगा की हळद तोंडाला, हातापायाला लावली तरी चालते. माझं ती ऐकत नाही.

मामींना नमस्कार. माझ्यावर लोभ आहेच, तो या सदऱ्यापुरता थोडा वाढवा.

तुमचा
कुंडलिक

नौपाडा, ठाणे
ता. ९ फेब्रुवारी १९९१

चि. कुंडलिकास, मामाचे अनेक आशीर्वाद.

अरे, तू नवरा की नवरी? डिसेंबरात शरीरसौष्ठवाच्या स्पर्धेत अंगाला तेल फासून, लंगोटावर साऱ्या जिल्ह्यासमोर उभा राहिलास, दुसरा आलास. तो फोटो मी दुकानात लावलाय, गिऱ्हाइकांना वाटतं मी थापा मारतो. आणि आता आई-आत्यांसमोर लाज? आपल्या आगऱ्यांत नवरा अंगभर पिवळा झाला नाही तर ती हळद कसली! तुझी रंगूआत्या गावभर सांगत सुटलीय की या पैलवानाला टोपलीभर हळद लागणार. मी तुझ्या आईला, मंजुळाला, काही बोलणार नाही.

छाती वाढली असेल तर आनंदच आहे. पण बाबा, पत्रानं माप घेता येत नाही. रविवारी ये, मामी सुकटीची चटणी करणार आहे.

तुझ्यावर रागावलेला, तरी तुझाच
दामाजीमामा

मोठागाव
ता. १५ फेब्रुवारी १९९१

ती. मामांस, सा. न. वि. वि.

छाती वाढलीय, ती कसरतीनं नाही. स्पर्धेआधी व्यायामशाळेतल्या काळुरामनं ताकदीची इंजेक्शनं आणलेली. आजारातून उठलेल्या म्हाताऱ्यांना डॉक्टर देतात तीच. आजोबांनाही दिलेली, म्हणून मला वाटलं त्यात काय एवढं. म्हाताऱ्यांना महिन्याला देतात, मी आठवड्याला दोन-दोन घेतली. अंग असं भरलं की आरशासमोरून हलवत नव्हतं.

आता दोन्ही बाजूंना गाठी आल्यात. कापड लागलं तरी दुखतं. वयात येणाऱ्या मुलीसारखं दिसतं, मामा. दोन बनियन घालून फिरतो. लाज सोडून आणखी एक लिहितो, पुरुष म्हणून अंगात काही उरलंय असं वाटत नाही. आत्यांनी सदरा काढला तर मला गावात तोंड दाखवता येणार नाही. आईला कळू देऊ नका, माझी शपथ आहे.

तुमचाच
कुंडलिक

नौपाडा
ता. २ मार्च १९९१

चि. कुंडलिकास, आशीर्वाद.

पत्र वाचलं आणि दुकान बंद केलं. मी थट्टा केली त्याचं वाईट वाटतंय.

तुझं नाव न घेता इथल्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, प्रोजेस्टेरॉन नावाचा रस आपण बायकांचा समजतो, पण तो पुरुषाच्या अंगातही थोडा असतो, आणि त्याचं तिथंही काम असतं. हे औषध पुरुषी रसासारखं असलं तरी त्या प्रोजेस्टेरॉनसारखंही वागतं. डोक्याला वाटतं की अंगात सगळं भरपूर आहे, म्हणून ते अंगाला स्वतःचा रस करू देत नाही. छातीच्या गाठींनाही त्यानं जोर येतो. इंजेक्शन बंद केलं तर बाकीचं हळूहळू सावरेल, महिने लागतील. गाठी राहिल्याच तर मोठ्या इस्पितळात काढता येतात. यात लाजण्यासारखं काही नाही, असे पुष्कळ येतात म्हणाले.

लग्न दिवाळीनंतर करू. तुळसाला मी समजावतो, पोरगी शहाणी वाटते. तू फक्त हो म्हण. सदरा बेतून ठेवलाय.

तुझ्या होकाराची वाट बघणारा
दामाजीमामा

मोठागाव
ता. ११ एप्रिल १९९१

ती. मामांस, सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला, माफ करा. पत्रिका वाटून झाल्यात. आता लग्न पुढे ढकललं तर लोक कारण विचारणार.

शीळफाट्याला एकजण आहे, काळुरामच्या ओळखीचा. खोलीतच भूल देऊन गाठी काढतो, अर्ध्या तासात घरी. हळदीपर्यंत जखम सुकते म्हणे. पत्र पोचेपर्यंत झालेलंही असेल. मग बघा, उघड्या अंगानं बसतो की नाही! सदरा तरी आणाच, शिवलाय तर.

भेटू हळदीला.

कुंडलिक

कल्याण
ता. १९ मे १९९१

ती. दामाजीमामांस, तुळसाचा शि. सा. न.

तुम्हाला मामा म्हणायचा हक्क राहिला की नाही माहीत नाही. ते गेले तेव्हा मला तिकडे येऊ दिलं नाही. कोणी म्हणतं ताप डोक्यात गेला, कोणी म्हणतं कावीळ. आमच्या आळीतल्या बायका म्हणतात, मी पांढऱ्या पायाची. आई आता मला पाणी भरायलाही पाठवत नाही.

साखरपुड्याला त्यांनी मला विचारलेलं की तुमच्यातही हळद अंगभर लावतात का. मी हसले, बघायला येते म्हटलं. त्यांना काही सांगायचं होतं का? मला एवढंच कळवा.

तुळसा

नौपाडा
ता. २५ मे १९९१

चि. तुळसास, मामाचे आशीर्वाद. हक्क आहे, पोरी.

त्यानं शपथ घातली होती, ती मोडतो, कारण बोल तुझ्यावर येतोय. ताकदीच्या इंजेक्शनांनी त्याची छाती बाईसारखी वाढली होती. हळदीच्या धास्तीनं त्यानं ती एका भोंदूकडून कापून घेतली. जखम चिघळली, विष अंगभर पसरलं. आईपासूनही लपवलं, तापानं बेशुद्ध पडला तेव्हा इस्पितळात नेलं, पण उशीर झाला होता. तुझा काही दोष नाही. रविवारी येऊन तुझ्या आळीत हे मीच सांगणार आहे. तुला सांगायचंच होतं त्याला, जीभ उचलली नाही.

बिनलग्नाचं पोर हळद लावल्याशिवाय स्मशानात नेत नाहीत, म्हणून बायकांनी हळद कालवली. मंजुळानं पट्ट्या सोडल्या तेव्हा तिला पहिल्यांदा दिसलं. रंगूआत्या रडत मागे सरली. मंजुळानं सगळ्यांना तोंडं फिरवायला लावली आणि एकटीनं त्याला हळद लावली, अंगभर.

मग तिनं माझ्याकडे सदरा मागितला. घातला, आणि गळ्यापर्यंत बटणं लावत गेली. वरचं काज मी जरा घट्ट केलं होतं, तिची हळदीची बोटं सारखी निसटत होती. मी पुढे झालो, पण तिनं मला हात लावू दिला नाही.

तुझा
दामाजीमामा