मागच्याला दाखवायचा खड्डा

चंडीगड,
सोमवार, १० फेब्रुवारी २०२५

चि. संपदा,

आधी आशीर्वाद, मग भांडण. फोन केले तर तू उचलत नाहीस, मेसेज वाचून सोडून देतेस. पत्र मात्र फाडायलाही आधी हातात घ्यावं लागतं, तेवढ्या भरवशावर लिहिते आहे. दादाचा गुडघा कसा आहे? वहिनीला सांग, तिची शेंगदाण्याची चटणी संपली आणि तुझे काका रोज तो रिकामा डबा उघडून आत बघतात.

इथली थंडी ओसरत आली. कोर्टात नेहमीचीच घाई. परवा एका न्यायमूर्तींनी मला विचारलं, "मॅडम, आवाज थोडा कमी ठेवाल का?" मी म्हटलं, माझ्या अशिलाचा आवाज कोणी ऐकला नाही, म्हणून त्याच्या वाट्याचाही मीच काढते आहे. ते हसले आणि तारीख दिली.

आता बातमी. काल आनंदपूर साहिबची सायकल राईड झाली. मी गेले होते. तू म्हणाली होतीस, "आत्या, ते आता सोडून दे." मला सोडून देता आलं असतं तर मी वकील झाले नसते. या देशात जो अन्याय टिकला, तो शहाण्या माणसांनी सोडून दिला म्हणूनच टिकला. हे मी भाषणातून कितीदा सांगितलं असेल. घरच्या माणसावर वेळ आल्यावर वेगळं कसं वागू?

गेल्या वर्षीचं तुला सांगायला नको, पण मला लिहून काढायला हवं. दोनशेवर सायकली एका रस्त्याने जातात तेव्हा मागच्याला रस्ता दिसत नाही, दिसतं ते फक्त पुढच्याचं चाक. म्हणून खड्डा आला की पुढच्याने हात खाली करून तो दाखवायचा. मागच्याने तसाच हात करून आपल्या मागच्याला दाखवायचा. असं शेवटच्या सायकलीपर्यंत. तेवढ्या एका नियमावर सगळी रांग चालते. इतकं डोळे मिटून आपण नवऱ्यावरही भरवसा टाकत नाही.

कुरालीच्या पुढे प्रसन्न तुझ्या पुढे होता. ग्रुपचा कॅप्टन, त्यात आपला नागपूरचा. त्याने हात केला नाही. तू खड्ड्यात गेलीस, मागचे तुझ्या अंगावर आले, तुझं कोपर कायमचं आखडलं. आणि तो रस्त्यावर उभा राहून सगळ्यांना म्हणाला, "मी दाखवला होता. संपदानंच घाबरून ब्रेक मारला." कोणी उलट प्रश्न विचारला नाही. तो कॅप्टन होता, तू नवीन होतीस, आणि तुझ्या तोंडात माती होती.

तू मोहालीची नोकरी सोडून सांगलीला गेलीस. तुझं नाव मात्र इथेच राहिलं. अचानक ब्रेक मारण्याला ग्रुपमध्ये आता तेच म्हणतात. कालही सुखना तलावापाशी निळ्या पगडीचे एक काका नव्या मुलांना समजावत होते, "ब्रेक प्यार से लगाना बेटा, संपदा नहीं होनी चाहिए." संपदा ही एक मुलगी आहे, तिला कोपर आहे, हे त्यांना माहीतही नसेल. मी तिथे उभी होते. धुकं इतकं होतं की माझं तोंड कोणाला दिसलं नसावं.

प्रसन्न जवळ आला. "वकीलबाई, आल्या का? यंदा भाषण नका करू. दम पुरवून ठेवा."

"दम मला पुरतो. तू माझ्या मागे राहा, मग बघ."

"राहतो ना. तुमच्यामागं वारा कमी लागतो."

खरडचा पूल ओलांडला, धुकं विरलं आणि मोहरीची शेतं दिसायला लागली. रांग लागली. पुढचा थकला की बाजूला होतो, मागे जातो. असं फिरता फिरता कुरालीच्या पुढे माझ्या पुढे निळ्या पगडीचे काका आले आणि मागे प्रसन्न. त्याच्या मागे हिमानी. तुला ती आठवते का? एअर फोर्समधल्या जोशींची मुलगी, मोहालीच्या नॉलेज सिटीत शिकते. आपण मराठीत बोलावं आणि तिने हिंदीत उत्तर द्यावं, तीच.

रस्त्यात आडवा चर होता. पाइपासाठी खोदून वर नुसती खडी लोटलेली. काका बाजूने गेले, मी बाजूने गेले, प्रसन्न सरळ आत गेला. गळ्याजवळचं हाड मोडलं. तो आवाज मी ऐकला, संपदा. मला तो गोड लागला, हे लिहायला मला लाज वाटत नाही.

रांग थांबली. काकांनी त्याला कडेला ओढलं आणि विचारलं, "सिग्नल नहीं मिला, पुत्तर?"

तो माझ्याकडे बघत म्हणाला, "मिला था जी. दीदी ने हाथ दिखाया था. मेरा ही ध्यान नहीं था."

ऐकलंस? ज्या रस्त्यावर त्याने तुला दोष दिला, त्याच रस्त्यावर पडून त्याने स्वतःचा दोष स्वतःच्या तोंडाने सांगितला. मी सायकल उचलली. मी पुढे आनंदपूरला गेले, गुरुद्वाऱ्यातल्या लंगरमध्ये बसले आणि पोटभर जेवले. तुझ्या वाट्याची खीरही खाल्ली.

तुला हे कळावं म्हणून लिहिलं. न्याय झाला.

तुझ्या बाजूने कायम उभी,
आत्या

———

सांगली,
१७ फेब्रुवारी

ती. आत्या,

नमस्कार. बाबांचा गुडघा बरा आहे. आईने चटणी पाठवली आहे, सोबत काकांसाठी कडबोळी.

पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. प्रसन्न कसा पडला, काय म्हणाला, तू काय जेवलीस, सगळं आहे. तू हात दाखवलास की नाही, ते कुठेच नाही.

दाखवला होतास?

संपदा

———

चंडीगड,
सोमवार, २४ फेब्रुवारी २०२५

संपदा,

नाही.

उलटतपासणी तुला चांगली जमते. मी इतकी वर्षं लोकांना हेच शिकवते की साक्षीदार काय बोलतो यापेक्षा काय गाळतो ते बघा. आणि तुला पत्र लिहिताना मला वाटलं, भाषेच्या जोरावर निभावून नेईन.

पगडीवाल्या काकांचा हात खाली गेलेला मी पाहिला. माझा हातही निघाला होता, सवयीने. मी तो हँडलवर धरून ठेवला आणि गुपचूप बाजूला सरकले. बस, एवढंच केलं. त्यासाठी मी वर्षभर तयारी केली होती. रोज पहाटे सुखनाच्या काठाने सायकल मारली, त्या रांगेत टिकावं म्हणून, कधीतरी तो माझ्या मागे यावा म्हणून.

आणखी एक गाळलं होतं. प्रसन्न पडला तेव्हा हिमानीचं चाक त्याच्या डोक्याला चाटून गेलं. ती शेतात जाऊन पडली. खरचटण्यावर निभावलं. मागे हिमानी आहे हे मला माहीत होतं. "त्या क्षणी लक्षात आलं नाही" असं इथे लिहिणार होते. लक्षात आलं होतं. मी ते बाजूला सारलं.

तुझं पत्र आलं त्या संध्याकाळी मी प्रसन्नच्या घरी गेले, मोहालीला. त्याच्या बायकोने, ईश्वरीने, दार उघडलं. तो हात गळ्यात बांधून सोफ्यावर बसला होता. मी बसले नाही.

"तुला माहीत आहे ना, मी हात दाखवला नाही?"

"माहीत आहे ना, ताई. काकांचा हात मला तुमच्या खांद्यावरून दिसला होता. म्हटलं, आता तुमचा येईल. वाट पाहिली. तेवढ्यात चाक आत."

"मग तिथे खोटं का बोललास?"

तो हसला. हाड दुखलं, तरी हसला. "फिटलं ना आता. तिचं अन् माझं. तुम्ही बोलू नका, मी बोलत नाही."

ईश्वरी चहा घेऊन दारात उभी होती. तिने विचारलं, "तिचं म्हणजे काय?" मीच सांगितलं. चहा तसाच राहिला.

रिक्षात बसल्यावर माझं डोकं तापलं. मला वाटत होतं की मी त्याला शिक्षा केली. त्याने तर त्या शिक्षेचा सौदा करून टाकला होता. रस्त्यात पडल्या पडल्या, हाड मोडलेलं असताना, त्याने एका खोट्याने माझं तोंड बंद केलं आणि मी ते खोटं लंगरच्या खिरीबरोबर गिळलं. तो गप्प, मी गप्प, आणि तुझं नाव ब्रेकला चिकटलेलं ते चिकटलेलंच. असा सूड मला नको होता. मला पुरा हवा होता.

म्हणून काल रविवारी तलावावर गेले. राईड सुटण्यापूर्वी सगळे चहा पीत होते. प्रसन्नही आला होता, नवा रस्ता समजावून सांगायला. ईश्वरी सोबत होती. मी म्हटलं, मला दोन शब्द बोलायचे आहेत. कोणीतरी मागून म्हणालं, "आंटी जी, छोटा रखना."

इतकं छोटं भाषण मी आयुष्यात केलं नव्हतं. "प्रसन्न ने झूठ बोला. मैंने हाथ नहीं दिखाया था. जानबूझकर नहीं दिखाया. अब ये बताए कि पिछले साल इसने दिखाया था या नहीं."

चहाचे कप थांबले. प्रसन्न जवळ येऊन हळूच म्हणाला, "ताई, हे आपण घरी बोलू ना. मराठीत."

"नाही. ज्यांच्यासमोर खोटं बोललास, त्यांच्याच भाषेत बोल."

तो इकडेतिकडे बघायला लागला. मी त्याला पुष्कळ वेळ दिला. साक्षीदार असा बघायला लागला की घाई करायची नसते. मग ईश्वरी म्हणाली, "बोल की. मला परवा घरी सांगितलंस ते इथं सांग. नाहीतर मी सांगते."

"नहीं दिखाया था," तो म्हणाला. "हाथ में फोन था. वीडियो बना रहा था." आणि मग, कोणी न विचारता, "संपदा ने ब्रेक नहीं मारा था."

झालं, बाळा. तुझं नाव सुटलं. त्याचं कॅप्टनपद त्याच चहाच्या टपरीवर गेलं. तो मान खाली घालून गाडीत जाऊन बसला आणि मी ते दृश्य शेवटपर्यंत पाहिलं. डोळे भरून पाहिलं. मला ग्रुपमधून काढलं, ते योग्यच केलं. आता त्यांना एखाद्या नव्या शब्दाची गरज पडली तर कोणाचं नाव वापरतील, हे मी ओळखू शकते.

निळ्या पगडीचे काका मात्र माझ्यासमोर येऊन उभे राहिले. चिडले नव्हते. चिडले असते तर बरं झालं असतं, रागाला उत्तर द्यायला मी तयार होते. ते म्हणाले, "बहनजी, मैंने तो आपको दिखाया था."

मी मान हलवली. हो, दाखवला होता.

आणि त्यांच्या मागून हिमानी आली. हनुवटीवर अजून खपली आहे तिच्या. जन्मभर हिंदीत बोलणारी ती पोर मोडक्या मराठीत म्हणाली, "आंटी, मी पण होते ना तिथे?"

मी बोलायला तोंड उघडलं. ज्या बाईचा आवाज कोर्टाला कमी करायला सांगावा लागतो, तिला एका पोरीला द्यायला एक वाक्य सापडलं नाही. ती वळली. मग हेल्मेट घालून रांगेत गेली, अगदी शेवटी, जिथे तिच्या पुढे काकाच होते.

तू विचारलंस, म्हणून सगळं सांगितलं. प्रसन्नबद्दल मला अजून वाईट वाटत नाही. तुला बरं वाटावं म्हणून वाटतं असं लिहिणार नाही. पण तू मला हे करायला सांगितलं नव्हतंस. उलट नको म्हणाली होतीस, आणि मी ते तुझ्यासाठी म्हणून केलं. हिमानीला काय सांगायचं ते मला कळत नाही. पुढच्याने हात दाखवला नाही की काय होतं, हे तुला माहीत आहे. तू तिच्या जागी असतीस तर माझ्या तोंडून काय ऐकलं असतंस, तेवढं लिहून पाठव. ते काहीही असो, मी तिच्या घरी जाऊन म्हणेन. आणि तुला माझ्या तोंडून काहीच ऐकायचं नसतं, असं असेल तर तेही लिही.

वडीलकीचा आशीर्वाद या वेळी माझ्याकडे नाही. म्हणून मीच तुला नमस्कार करते.

सुहासिनी