आईची पाहुणी

वाशी, मंगळवार, दिवेलागण

आई माणसं विसरायला लागल्यापासून माझं जेवण म्हणजे चहा आणि टोस्ट, तेही ओट्याजवळ उभ्यानं. माझी साखर वाढलीय म्हणून डॉक्टर मागंच रागावले होते. पण तिला न्हाऊ घाला, भरवा, दार उघडून निघून जाते म्हणून राखण करा. यात माझ्यासाठी भाकरी कोण थापणार?

आज दुपारी टोस्ट चहात बुडवला, तर आई म्हणाली, "बाई, असं उभ्यानं काय खाता? बसा की."

बाई. मला, पोटच्या लेकीला.

"भूक न्हाय मला," मी म्हणाले.

"आमच्या घरनं पाहुणं उपाशी जात न्हाय."

मग ज्वारीची भाकरी टाकली, कोवळी मेथी धुतली, शेंगदाण्याची चटणी घेतली आणि तिच्यासमोर मांडी घातली. गरम भाकरीवर कच्ची मेथी. किती दिवसांनी तोंडाला चव आली! इतकं बरं वाटलं की लाजच वाटली. आईनं भाकरीचा पापुद्रा काढून माझ्या ताटात ठेवला, लहानपणी ठेवायची तसाच. हाताला आठवत असेल का काही? का पाहुणी म्हणूनच दिला तो पापुद्रा? माझे डोळे भरून आले.

"चटणी लई तिखट झाली व्हय?"

"व्हय," म्हणाले.

रोज असंच तिच्यासोबत बसून जेवायचं, हे तिथंच ठरवलं.

जेवण झाल्यावर माझ्या पाठीवरून हात फिरवत तिनं विचारलं, "बाई, तुमची आई हाय का?"

"हाय की."

"मग जावा आता घरी. वाट बघत आसंल."