आत्याचे डॉलर आणि x ची किंमत

कोपरखैरणे, सोमवार

ती. सरस्वतीआत्यास पार्थचा वाकून नमस्कार. इकडे आम्ही बरे आहोत (स्मिताने बाल्कनीत मेथी लावलीय, कबुतरं खूश आहेत). तुझे गुडघे काय म्हणतात? डोळ्यांचं विचारत नाही, कारण डोळ्यांना काहीही झालेलं नाही. तेच सांगायला हे पत्र.

तू अमेरिकेतल्या नातवासाठी, आपल्या अभिरामसाठी, मराठीतून गणितं लिहितेस आणि मी ती वेबसाइटवर चढवतो. मध्यंतरी 'जाईकडे $5 होते, तिने $2 ची चिक्की घेतली' हे तुला मोबाइलवर 'जाईकडे 5होते,तिने2 ची चिक्की घेतली' असं दिसलं. तू आधी चष्मा पुसलास, मग डॉक्टर गाठलास आणि डोळे ठणठणीत निघाल्यावर, आता आपलं डोकंच गेलं म्हणून लिहायचंच बंद केलंस. आत्या, डोकं गेलंय ते माझ्या प्रोग्रामचं. डॉलरच्या दोन चिन्हांमध्ये जे असेल ते गणित, असं त्याला शिकवलंय, आणि गणित म्हटलं की तो अक्षरं तिरकी करतो, मधल्या जागा गिळतो. 'होते, तिने' यात कसलं आलंय गणित, हे त्या गाढवाला कळत नाही.

मग मी शहाणपणा केला. डॉलरला लागून आकडा असेल तर पैसे समज, असं त्याला बजावलं (आणि महापेला ऑफिसात सगळ्यांना चहा पाजून मिरवलंसुद्धा). तर तुझं $2x = 14$ हेही पैसे झाले. खाली तू लिहिलेलं, 'x ची किंमत काढा'. अभिरामने उत्तर पाठवलं, सात डॉलर. वर विचारतोय, पार्थमामा, x तिकडे इंडियात स्वस्त मिळतो का? (पोराचा काय दोष? किंमत हा शब्द आपलाच.)

आता पैशाच्या प्रत्येक डॉलरआधी एक तिरकी रेघ घालायची, म्हणजे प्रोग्राम त्याला गणित समजणार नाही, असं ठरलंय. पण कुठला डॉलर पैशाचा आणि कुठला गणिताचा, ते लिहिणारीलाच ठाऊक. ढीगभर गणितं पडलीयत. हे फोनवर जमणारं काम नाही, तुला इथे येऊन माझ्या शेजारी बसावं लागेल, महिनाभर तरी. मी गाडी घेऊन कराडला येतो.

तुझा,
पार्थ

ता. क. स्मिता म्हणते, आत्यांना खोटं लिहू नकोस. रेघा कालच घालून झाल्या, सगळं नीट दिसतंय. बाबा गेल्यापासून या घरात मला 'चुकलास' म्हणणारं कोणी नाही. तुझी फार आठवण येते. ये.

आणखी एक. आजीचं नवं गणित कधी, असं अभिराम रोज विचारतो. मी सांगितलंय, आजी लिहितेय. एवढं तरी माझं खोटं पाडू नकोस.