बसवराज खोलीत असताना

४ जानेवारी, रविवार
समुपदेशक मॅडमचा तिसरा फोन. (कंपनीच्या ॲपवर 'समुपदेशक' असंच लिहिलंय, म्हणून तेच लिहितो.) कंपनीत एचआरने सांगितलं तेव्हा टेन्शनसाठी म्हणून नाव दिलं होतं. भाषा मराठी निवडली. इथे कर्नाटकात, बोम्मसंद्रात आमच्या अख्ख्या मजल्यावर मराठी कुणाला येत नाही. त्यामुळे बोलायला गच्चीवर जावं लागत नाही.
मॅडमनी विचारलं, झोप का लागत नाही? आज एकदाचं सांगितलं. 'रूममेट' शब्द टाळला, तो कुणालाही कळतो. 'माझ्यासोबत राहतो तो' असं म्हटलं. तो मला आवडतो. मित्र म्हणून नाही.
बसवराज (यापुढे ब.) तेव्हा गॅसपाशी कांदा चिरत होता. माझ्यापासून दोन हातांवर.
बोलून झाल्यावर अंग हलकं झालं. मॅडमना सांगितलं म्हणून, की त्याच्यासमोर बोललो म्हणून, ते ठरत नाही.

११ जाने., रवि.
ब. भाकऱ्या थापत होता. मी मॅडमना सांगत होतो की तो सेकंड शिफ्टला गेला की मी त्याच्या उशीवर डोकं ठेवतो. खोबरेल तेलाचा वास येतो. बारा तास मशीनवर उभं राहून आल्यावर एवढंच पाहिजे असतं.
मॅ. : "त्याला कळावं असं वाटतं?"
"नको. कळलं तर खोली सोडून जाईल. त्यापेक्षा हे असंच बरं."
भाकरीचा आवाज मध्येच थांबला होता. तवा तापायची वाट बघत असेल.
जेवताना ब. "और ले ना" म्हणाला. भाजी स्वतःला कमी घेतली.

१४ जाने., बुध.
जे झालं ते नीट लिहायचं.
नवीन मशीन बसवायला कोल्हापूरचे एक फिटर आलेत. कॅन्टीनमध्ये ब. त्यांच्यासमोर बसून हसत होता. मराठीत!
"अवो, मामाकडंच वाढलोय मी, निपाणीत. शाळा बी मराठीच."
"मग कानडी कधी शिकलास लेका?"
"आईच्या पोटात!"
दोघं खो खो हसले. मी मागे ताट घेऊन उभा. सांबार मनगटावर सांडलं, भाजलं ते नंतर कळलं.
पहिल्या दिवशी मी हिंदीत विचारलं होतं, कहाँ से? तो म्हणाला, अथणी. आमच्या हिंगोलीकडे अथणी म्हणजे कर्नाटक, विषय संपला. त्या दिवशी हिंदी लागली ती लागलीच. मी मराठी आहे हे त्याला माहीत होतं. तेव्हा सांगायचं राहून गेलं असेल. आणि मागच्या दोन रविवारांनंतर कुठल्या तोंडाने सांगणार?

१६ जाने., शुक्र.
ब. होता तसाच. "खाना खाया?" हिंदीतच. तेच जास्त लागतं.
पंख्याचा आवाज मोठा आहे, कदाचित सगळं ऐकू गेलं नसेल. कदाचित...
कामावरून आलो की आधी खिळ्याकडे बघतो. त्याची बॅग अजून लटकलेली आहे.

१८ जाने., रवि.
फोनच्या आधी ब.ने चप्पल घातली. "मैं नीचे हूँ." दार ओढून घेतलं. असं कधी केलं नव्हतं. किळस आली म्हणून, की मला मोकळं बोलता यावं म्हणून?
मॅडमना कॅन्टीनमधलं तेवढं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग, "आता कसं वाटतंय?"
रिकाम्या खोलीत तोंडच उघडेना. शेवटी म्हणालो, "तो इथे नाही, मग मी कुणाला सांगू?"
मॅ. : "म्हणजे हे माझ्याशी बोलायचं नाहीच आहे." रागावल्या नव्हत्या.
खिडकीतून तो दिसत होता, चहावाल्या अण्णाच्या गाड्यापाशी. ग्लास रिकामा, तरी हातात धरलेला.

२१ जाने., बुध.
तो सेकंडला, मी फर्स्टला. भेट नाही. उशीवर डोकं ठेवलं नाही. आता त्याला माहीत आहे. न विचारता कसं ठेवायचं?
काय बोलायचं ते बसमध्ये जुळवतो. खोलीत येईपर्यंत मोडतं.

२५ जाने., रवि.
ब. चप्पल घालत होता. मी म्हणालो, "थांब."
त्याच्याशी बोललेला पहिला मराठी शब्द. त्याचा हात कडीवरच राहिला. वळला नाही.
"कशाला?"
"तू गेलास की मला बोलता येत नाही."
फोन वाजायला लागला. वाजत राहिला.
"उचल की. मॅडम थांबल्यात."
दार उघडलं, पण गेला नाही. उंबऱ्यावर बसला. पाय बाहेर, पाठ माझ्याकडे.
मी बोललो. आवाज खाली न करता. समोरच्या खोलीतल्या अक्का बादली घेऊन जाताना त्याला कानडीत काहीतरी म्हणाल्या. "सरी, अक्का," म्हणजे 'बरं', एवढंच बोलला, उठला नाही.
फोन मघाशीच ठेवलाय. हे लिहितोय तरी तो तिथेच बसलेला. कान लाल झालेत. राग असेल, किंवा दुसरं काही. इथून फक्त पाठ दिसते.