ती पडत नाहीये

प्रिय बारक्या,

(डोक्यावरचे केस गेले, आजोबा झालास, तरी माझ्यासाठी बारक्याच. नाक मुरडू नकोस.)

तुझं जाडजूड पाकीट काल आलं. तुमच्या पहिल्या रेकॉर्डची नवी आवृत्ती निघतेय हे वाचून मी स्वयंपाकघरात एकटीच आनंदाने ओरडले, खोटं कशाला सांगू. मग ते नवं कव्हर बाहेर काढलं आणि त्यापुढचं ओरडणं निराळं होतं. म्हणे कंपनीतल्या पोराने जुन्या कव्हरची चूक सुधारली, उलटं छापलेलं चित्र सरळ केलं. आणि तू खाली लिहितोस, ताई, इतक्या वर्षांनी तुझ्यावरचा अन्याय दूर होतोय. अरे गाढवा, माझ्यावर अन्याय झाला हे तुला कुणी सांगितलं? एकदा तरी विचारलंस? वर सोमवारी मूळ चित्राचा फोटो काढायला माणूस येणार, हेही तूच ठरवून मोकळा. चित्र माझ्या भिंतीवर आहे, भिंत माझी आहे आणि दाराची कडी आतून लागते, एवढं लक्षात ठेव.

ते चित्र काढलं तेव्हाचे दिवस आठवून बघ. मी नवऱ्याच्या घरून माघारी आले होते, उजवा हात गळ्यात बांधलेला. भांडण माझ्या रंगांवरून झालं होतं. त्याने दार लावलं ते माझी बोटं चौकटीत असताना लावलं, बघून लावलं. बाबा म्हणाले, वाऱ्याने लागलं असेल. आई नुसती माझं पांघरूण नीट करत राहिली. मला परत पाठवायची बोलणी मागच्या खोलीत हळू आवाजात चालायची, जणू माझे कानही दारात चेंगरले होते. तू एकटा असा निघालास की खोलीत शिरलास, गिटार कॉटवर टाकलीस आणि म्हणालास, आमच्या रेकॉर्डला कव्हर हवंय, रडून झालं असेल तर कामाला लाग. त्या एका वाक्यासाठी मी तुझे शंभर गुन्हे माफ केलेत. हा एकशेएकावा मात्र करणार नाही.

मी तोवर फोटो स्टुडिओचे पडदे रंगवायचे. नव्या जोडप्यांच्या मागे संगमरवरी जिने, गुलाब, पौर्णिमेचा चंद्र. तुम्हाला हवे होते तसले राक्षस काढायची सवय कुठून असणार? पण निघाले रे, डाव्या हाताने भराभर निघाले. एकाला सासूबाईंचे दात दिले, एकाला आपल्या बाबांचा जबडा. त्यांनी तो ओळखला असावा, कारण त्यानंतर त्यांनी त्या खोलीत पाऊल टाकलं नाही. आणि चित्रातल्या बाईसाठी मी स्वतःच कॉटच्या कडेवरून डोकं खाली सोडून पडून राहायचे. केस वर उडावेत म्हणून तू टेबलफॅन जमिनीवर ठेवायचास आणि आरसा धरून कुरकुरायचास की ताई, आटप, हात भरून आला. खोल विहीर, कोनाड्यात एक मेणबत्ती, वर उजेडाचा गोल, त्या उजेडातून डोकं खाली पाय वर अशी कोसळणारी बाई आणि तळाशी तिची वाट बघणारे जबडे. पुढे पसरलेल्या तिच्या उजव्या हाताची दोन बोटं वाकडी. ती कुणाची, हे तुला सांगायला नको. तुम्ही पहिलं गाणंही तसंच बांधलं होतं. गिटार एकेक पायरी खाली उतरणारी आणि शेवटी तुमच्या गायकाची, आपल्या भोंग्याची, किंकाळी.

कव्हरांची खोकी उघडली तेव्हा तालमीच्या गॅरेजमध्ये सगळ्यांचे चेहरे पडले. बँडचं नाव सुलट, गाण्यांची नावं सुलट आणि चित्र उलटं! भोंग्याने छापखान्यातल्या मशीनवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. ड्रमवाला हातोडा, एवढा आडदांड माणूस, खोक्यावर बसून खरंच रडला. तू मला धरून म्हणालास, तुझ्या चित्राची वाट लावली गं मेल्याने. आजही मुलाखत द्यायची झाली की तू त्या मशीनवाल्याला शिव्या घालतोस, मी वाचते. रेकॉर्ड दुसऱ्या दिवशी दुकानात पोचवायच्या होत्या म्हणून तशाच गेल्या.

आणि पुढे काय झालं ते विसरलास? लोकांना दिसलं ते असं. खाली आग पेटलीय, त्या आगीतून एक बाई वर झेपावतेय, केस मागे उडतायत आणि छताला लटकलेले राक्षस तिला बघून आ वासून बसलेत. जबडे तेच, पण आता भीतीने उघडलेले. विहिरीच्या कोनाड्यातल्या मेणबत्तीची ज्योत खाली लोंबत होती, पण तिकडे बघायला सवड कुणाला? हेवी मेटल ऐकणारा माणूस कव्हर बाजूला ठेवून ऐकत नाही. ते मांडीवर घेतो आणि सुई टेकल्यापासून उचलेपर्यंत त्यातच डोळे घालून बसतो. गिटार कुठून येतेय आणि कोण ओरडतंय, हे त्याला ते चित्र सांगतं. म्हणून खाली उतरणाऱ्या तुझ्या सुरांना लोक चढणारी पावलं म्हणू लागले. भीतीची किंकाळी चाल करून जाणाऱ्या बाईची झाली. पहिल्याच कार्यक्रमात भोंगा विव्हळायला गेला आणि समोर बघतो तर सगळे मुठी उगारून उभे. त्याचा चेहरा आठवला की मला अजून हसू आवरत नाही. पुढच्या कार्यक्रमापासून तो गरजायला लागला, हातोड्याने वेग वाढवला, तू शेवटचा सूर खाली सोडायच्या ऐवजी वर नेऊ लागलास. तुमचंच गाणं तुम्ही त्या कव्हरकडून नव्याने शिकलात आणि आता म्हणे चूक.

आणि तो हात! दोन बोटं मुडपून उजवा हात उंच करायचा, ही खूण तुमच्या प्रत्येक कार्यक्रमात असते. पोरं तिला पंजा म्हणतात. सभागृहभर माझी मोडलेली बोटं उभी असतात रे, अंगावर काटा येतो. गेल्या महिन्यात एक वेल्डर बाई पत्ता शोधत माझ्याकडे आली. तिच्याजवळ जुनं कव्हर होतं, कडा पार झिजलेल्या. कारखान्यात लागली तेव्हा पुरुष तिच्यावर हसायचे, म्हणून रोज सकाळी ते कव्हर समोर ठेवून पहिलं गाणं ऐकायचं आणि मगच घराबाहेर पडायचं, असा तिचा नेम. जाताना तिने मला पंजा करून दाखवला. मीही केला. मला बोटं मुडपावी लागत नाहीत, हे तिच्या लक्षात आलं आणि ती परत खुर्चीवर बसली. मग आम्ही आणखी एकेक कप चहा घेतला.

तुला वाटेल, म्हातारी हट्टाला पेटलीय. पेटलीच आहे. पण काल मी प्रयोगही केला. तुझं नवं कव्हर टेबलावर उभं केलं, जुनी रेकॉर्ड लावली आणि समोर बसले. तीच रेकॉर्ड, तीच सुई, आवाज शेजारीण भिंत बडवेल इतका. गाणं खचलं रे, पार खचलं. गिटार चिखलात रुतत गेली, हातोडा कुणालातरी पुरतोय असं वाटलं आणि किंकाळीला मी कानांवर हात ठेवले. एक बाई पडत होती आणि मी बसून ऐकत होते. मग जुनं कव्हर ठेवून तेच गाणं पुन्हा लावलं, तर पायाने आपणहून ठेका धरला. तुझ्या त्या पोराने रंग छान उजळलेत, नाही कशाला म्हणू. त्याला दुसरं काहीतरी रंगवायला दे.

आता जे कधी बोलले नाही ते सांगते, कारण त्याशिवाय तू ऐकायचा नाहीस. छपाई होती त्याच दिवशी बाबा मला नवऱ्याकडे परत पाठवत होते. बॅग भरलेली, दुपारची बस, पलीकडे तो घ्यायला येणार. घरात सगळे समजतात की माझी बस चुकली आणि मग मी हटून बसले. बस चुकली नव्हती. वाटेत माझं चित्र परत घ्यायला छापखान्यात शिरले, तेव्हा मशीनवर पहिला कागद नुकताच निघाला होता. मशीनवाल्याने त्या ज्योतीवर बोट ठेवलं आणि म्हणाला, बाई, हे उलटं लागलंय, मशीन थांबवून चित्राची प्लेट बदलतो. मी तो ओला कागद हातात घेतला. ती बाई वर येत होती, माझा मोडका हात पुढे करून, आणि मी मात्र बॅग घेऊन खाली निघाले होते. मी म्हटलं, थांबवू नका, असंच छापा, आणि कुणी विचारलं तर चूक झाली म्हणा. शेवटचा कागद निघेपर्यंत मी त्या बॅगेवर बसून राहिले, मग चित्र काखेत मारून घरी आले. तेव्हा त्या भल्या माणसाला शिव्या देणं आजपासून बंद. सोमवारी तुझ्या फोटोवाल्याला खुशाल पाठव, मी दार उघडेन. चित्र मी भिंतीवर त्या ओल्या कागदासारखंच, ती वर येताना दिसेल असं टांगलंय, तसाच फोटो निघेल आणि तसंच कव्हर छापलं जाईल. मला त्या विहिरीत परत ढकलायला बाबांना जमलं नाही, नवऱ्याला जमलं नाही. तुला तर मी जमू देणारच नाही.

तुझीच, पण तुझं न ऐकणारी,
ताई