कपाटाएवढी खिडकी

तीर्थरूप मामांना (आणि मामींना, कारण पत्र आधी त्याच फोडतात) भाच्याचा वाकून नमस्कार.

इकडे सगळे खुशाल. तुमच्या गुडघ्याचं काय ते कळवा. गेल्या पत्रात तुम्ही डावा लिहिला होता आणि खाली मामींनी उजवा लिहिला होता, तेव्हा दोघांनी एकदा बसून काय ते ठरवा, म्हणजे मला कुठल्या गुडघ्याची काळजी करायची ते कळेल. आईची प्रकृती उत्तम आहे. ऐकू कमी येतं असं ती स्वतः सांगते, पण जे तिनं ऐकू नये असं आपल्याला वाटतं ते तिला दोन खोल्या पलीकडूनही स्वच्छ ऐकू येतं. दिवसभर तिच्या त्या खिडकीत बसून असते. तुमची सूनही बरी आहे, आणि मी घरात नसलो की जास्तच बरी असते, असं तिनंच मला सांगितलंय.

पत्राला उशीर झाला, कारण मी सध्या वास्तुकलेच्या नादी लागलोय. हसू नका. आठवडाभर दुकानात चष्म्याच्या काचा घासणाऱ्या माणसानं रविवारी काय करावं, हा आमच्या घरातला जुना वाद. मी रविवारी घरात बसलो की डबे उघडून बघतो, नळ घट्ट करायला जातो (आणि तो जास्त गळायला लागतो) आणि एकूणच तुमच्या सुनेच्या डोक्यावर मिरे वाटतो. म्हणून तिनं वाचनालयातल्या फलकावर ‘घर आणि उजेड : व्याख्यानं व फेरफटका’ असं वाचलं आणि मला न विचारता माझं नाव देऊन आली. मला वाटलं, उजेड म्हणजे दिव्यांबद्दल, म्हणजे डोळ्यांबद्दल, म्हणजे आपल्याच धंद्यातलं काहीतरी. गेलो. तर तिथे एक बुटक्या, कापलेल्या पांढऱ्या केसांच्या बाई पडद्यावर एकामागून एक राखाडी भिंती दाखवत होत्या आणि प्रत्येक भिंतीपाशी त्यांचा गळा दाटून येत होता. या बाई आयुष्यभर कॉलेजात वास्तुकला शिकवून आता निवृत्त झाल्यात. आम्ही सगळे आपसात त्यांना काँक्रीटबाई म्हणतो. त्यांना ते माहीत आहे आणि आवडतं.

पहिल्या दिवशी मी पळून येणार होतो, पण दाराशी एक दाताचे डॉक्टर पाय पसरून बसले होते (हे गृहस्थ दर व्याख्यानाला येतात आणि दर व्याख्यानाच्या शेवटी इमारतीत गाड्या कुठे लावायच्या एवढा एकच प्रश्न विचारतात), त्यामुळे अडकलो. आणि मामा, खरं सांगतो, अडकलो ते अडकलोच. बाई म्हणाल्या की एका पिढीनं ठरवलं, घराला नक्षी नको, खोटे खांब नकोत, खोटी कमान नको; जे ज्याचं बनलंय ते तसंच दिसू दे; आणि गरिबाच्या घरातसुद्धा ऊन येऊ दे. मला हे फार आवडलं. चष्म्याच्या दुकानात आजकाल लोक काच बघतच नाहीत, नुसती फ्रेम बघतात, त्यामुळे माझ्या मनातलंच कोणीतरी बोलतंय असं वाटलं. घरी येऊन मी ते सगळं जेवताना सांगितलं. तुमच्या सुनेनं विचारलं, नळ कधी नीट करताय.

तर पुढचा रविवार फेरफटक्याचा. बाई पुढे, हातात छत्री (पावसासाठी नव्हे, बोट दाखवण्यासाठी), मागे आम्ही, सगळ्यात मागे दाताचे डॉक्टर, गाडी लावायला जागा शोधत. टपाल कचेरीची मागची बाजू बघितली, बंद पडलेल्या चित्रपटगृहाचा जिना बघितला, आणि मग वळणावरून बाई थेट आमच्या इमारतीच्या आवारात शिरल्या! मला वाटलं, बाईंना पाणी हवं असेल. पण त्यांनी छत्री वर केली आणि म्हणाल्या, आता तुम्ही या शहरातली सगळ्यात प्रामाणिक इमारत बघताय. मामा, मी त्या इमारतीत जन्मलो. तिथे पाणी वर चढत नाही, जिन्यातला दिवा आपल्या मर्जीनं लागतो, आणि तिच्याबद्दल आजवर कोणी एक चांगला शब्द काढल्याचं मला आठवत नाही. मी मान ताठ करून उभा राहिलो. वरून आई खिडकीतून बघत होती, तिला हात केला.

तो हात करणं नडलं. बाईंची छत्री माझ्या हातामागोमाग वळली आणि तुम्ही फोडलेल्या भिंतीवर जाऊन थांबली. होय, तीच. अख्ख्या आंधळ्या भिंतीत ती एकच उंच, अरुंद खिडकी. बाईंचा आवाज खाली आला. म्हणाल्या, ही खिडकी मूळ नकाशात नाही. मी नकाशा बघितलाय. म्हणजे काम चालू असताना वास्तुकार इथे उभा राहिला असेल, त्यानं या भिंतीकडे पाहिलं असेल, आणि ऐन वेळी त्याच्या मनानं कौल दिला असेल की इथून सकाळचा उजेड आत गेलाच पाहिजे. लोकांनी माना डोलावल्या. एकीनं डोळे पुसले. आणि मी, ज्यानं ‘जिन्यातून कपाट वर चढेना म्हणून मी भिंत फोडून दोरानं आत घेतलं, आणि गवंडी पळाला म्हणून भोकाला काच लावून टाकली’ ही गोष्ट तुमच्या तोंडून प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात आणि एकदा तर मयताच्या घरीसुद्धा ऐकलीय, तो मी बुटाची नाडी बांधायला खाली वाकलो. (बूट बिननाडीचे होते.)

इथवर नुसती मजाच होती. पण बाई निघता निघता मोठ्यानं म्हणाल्या, ही इमारत म्हणजे कच्च्या काँक्रीटचा उत्कृष्ट नमुना! झालं. तळमजल्यावरचा शिंपी दारात बटणं लावत बसला होता. त्याच्या कानावर एवढंच पडलं की कॉलेजच्या बाई आल्या, वर बघून छत्री हलवली आणि इमारत कच्ची आहे म्हणाल्या. संध्याकाळपर्यंत त्यानं शिवणयंत्रं मेहुण्याकडे हलवली. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी मुलांना गॅलरीत जायची बंदी केली. आणि आमच्या सेक्रेटरींना (ज्यांना गेली कित्येक वर्षं लिफ्टवाली नवी इमारत हवी आहे आणि ज्यांच्या मागे बिल्डर सावलीसारखा फिरतोय) आयतं कोलीत मिळालं. त्यांनी लगेच सगळ्यांची सभा लावली. विषय एकच, पाडायची की नाही.

आता मामा, हसण्यावारी नेऊ नका, ही गोष्ट माझ्या जिवाला लागलीय. इमारत पाडली तर नवी उभी राहीपर्यंत वर्षानुवर्षं भाड्याच्या घरात काढायची. आम्ही काढू हो. पण आईचं काय? सभेची नोटीस वाचून ती एवढंच म्हणाली, म्हणजे मी काही परत यायची नाही. रडली नाही, चिडली नाही, खिडकीत जाऊन बसली. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

म्हणून सभेत मी उभा राहिलो. तुम्हाला ठाऊकच आहे, चार माणसांसमोर माझी बोबडी वळते, पण राहिलो. सांगितलं की कच्चं म्हणजे कमकुवत नव्हे हो. कच्चं म्हणजे गिलावा नाही, रंग नाही, जसं ओतलं तसं. त्यावर वहिनी म्हणाल्या, म्हणजे काम अर्धवट टाकून पळाला! मी म्हटलं, नाही, मुद्दाम तसं ठेवलंय. मग शिंपी म्हणाला, इतकी वर्षं झाली, अजून कच्चंच? सभा खो खो हसली आणि मी खाली बसलो. सेक्रेटरी हात वर करायला सांगणार, तेवढ्यात दारातून छत्री आत आली. काँक्रीटबाई! (शिंप्याची यंत्रं हलल्याचं त्यांना दाताच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्या निमित्तानं आवारात जागा झाली का, हे ते विचारायला आले होते.)

बाईंनी पहिल्यांदा हात जोडून माफी मागितली. म्हणाल्या, शब्द माझा चुकला. कच्चं नव्हे, उघडं म्हणायला हवं होतं. ही इमारत तुम्हा सगळ्यांपेक्षा ठणठणीत आहे. मग म्हणाल्या की येत्या रविवारी जतन समितीची माणसं बघायला येणार आहेत. त्यांनी इमारत पसंत केली तर ती कोणाला पाडता येणार नाही आणि दुरुस्तीलाही मदत होईल. आणि सगळ्यात आधी त्यांना ती खिडकी दाखवायची आहे. ‘ती खिडकी नकाशात नाही,’ म्हणाल्या, ‘ती ज्याला सुचली त्याला आत राहणाऱ्या माणसाची काळजी होती. मी आयुष्यभर मुलांना शिकवत आले ते एवढंच.’ पाडायचं की नाही हे रविवारनंतर बघू, असं ठरलं. आता वहिनी येणाऱ्याजाणाऱ्याला खिडकी दाखवतात, शिंप्यानं यंत्रं परत आणलीत, आणि सेक्रेटरी तर ती खिडकी राखण्यात आपला मोठा वाटा आहे असं सांगत सुटलेत. झोप फक्त माझी उडालीय.

बाकी इकडे विशेष काही नाही. दोघांनी तब्येतीला जपावं. हल्लीचा प्रवास म्हणजे हाडं खिळखिळी करणारा, आणि दोन्ही (किंवा जो असेल तो) गुडघ्यांना विश्रांती द्यावी, असं मला अगदी मनापासून वाटतं.

आपला आज्ञाधारक,
भाचा

ता. क. — आडून आडून लिहायला मला जमत नाही, तेव्हा सरळच लिहितो. मामा, तुम्ही शनिवारी यायचं ठरवलंय ते पुढच्या आठवड्यावर ढकला. रविवारी समितीची माणसं खिडकीखाली उभी असणार, तुम्ही वर असणार, आणि तुम्ही कपाटाची गोष्ट सांगितल्याशिवाय राहणार नाही. तो तुमचा दोष नव्हे, स्वभाव आहे. पण एकदा का कळलं की वास्तुकाराच्या मनानं वगैरे काही कौल दिला नव्हता, कपाट अडकलं होतं, तर सगळंच ओम् फस् होईल आणि आईला घर सोडावं लागेल. तुम्ही मला मारा, पण येऊ नका.

ता. क. दुसरा — पत्र पाकिटात घालणार तोच आईनं मागून घेतलं आणि भिंग लावून सगळं वाचलं. माझ्यावर फार रागावली. म्हणते, ती खिडकी माझ्या भावानं फोडली हे मी त्या बाईंना पहिल्याच दिवशी सांगितलंय. फेरफटका संपल्यावर बाई पाच मिनिटं खिडकीत बसू का म्हणून वर आल्या होत्या, आणि मी चहा टाकत होतो तेवढ्यात हिनं सगळं सांगून टाकलं! म्हणजे सभेत बाई बोलल्या ते त्या वास्तुकाराबद्दल नव्हतंच, मामा. तुमच्याबद्दल होतं. समितीपुढेही त्या खरं तेच सांगणार आहेत, की ही इमारत राहणाऱ्यांनी आपली करून घेतली म्हणून ती जपायची. फक्त त्यांना तो माणूस समोर उभा हवा आहे. मला अजून हे नीट झेपलेलं नाही. वरचा ता. क. रद्द समजावा. त्यात तुमच्या स्वभावाबद्दल लिहिलंय तेही. खाली आईला दोन ओळी लिहायच्यात.

धाकट्या,

या गाढवाचं काही ऐकू नकोस. तू गेल्यावर पुढे कधीतरी घराला आतून रंग काढला, तेव्हा हमालांनी त्या कपाटाची दारं काढली आणि आरामात जिन्यानं खाली नेलं, तसंच परत वर आणलं. कुठे अडकलं नाही. मी तेव्हाच ओळखलं. नवीन लग्न, हे सतत फिरतीवर, दिवसभर समोर ती भिंत. तू आलास त्या रात्री मी उशीत तोंड घालून रडत होते आणि तुला झोप लागलीय असं मला वाटलं होतं. सकाळी तू शेजाऱ्याकडून हातोडा मागून आणलास आणि कपाट वर चढत नाही म्हणून सगळ्यांना ओरडून सांगायला लागलास. तू ती गोष्ट इतक्या हौसेनं सांगायचास की मी कधी काही बोलले नाही.

या रविवारी खरी सांग. शनिवारीच ये. बायकोलाही घेऊन ये. इस्त्रीचा शर्ट घाल.