२४२३ ने भागायचं राहिलंय

वाशी,
९ ऑगस्ट १९८३

चि. नंदकिशोर यास वडिलांचे आशीर्वाद.

इकडची खुशाली शेवटी लिहितो. आधी कामाचं.

घर सोडताना तू ५८८२३५३ ही संख्या माझ्या तोंडावर फेकून गेलास. ‘हिचे अवयव पाडून दाखवा, मग मला अक्कल शिकवा,’ म्हणालास. कॉलेज अर्धवट टाकून बडोद्याच्या कंपनीत चिकटणाऱ्याने गणिताच्या मास्तराला असं बोलावं? असो.

अंकांची बेरीज चौतीस, म्हणजे तीनने भाग जात नाही. सातने एक उरतो. अकराच्या कसोटीलाही उतरत नाही. मग एकेक मूळ संख्या घेऊन भागत सुटलो. २४२६ चा वर्गच हिच्याहून मोठा, तेव्हा तिथवर कशानेच भाग गेला नाही तर ही मूळ संख्या, पुढे बघायला नको.

गंमत बघ. हिचे ५८८ आणि २३५३ असे दोन तुकडे कर, दोघांचे वर्ग करून बेरीज घे. परत हीच संख्या येते. तुझ्या आईला सांगितलं तर म्हणाली, “आकड्यांना जमतं, मग तुम्हा बापलेकांना का नाही जमत?” धाप लागते तिला बोलताना, पण टोमणा काही चुकला नाही.

हो, धाप लागते. ती इस्पितळात आहे. हे सगळे भागाकार मी तिच्या खाटेशेजारी बसून केलेत. दिवाळे गावची कोळीण पुतळाबाई मासळी घेऊन दारात येते आणि विचारते, “बाय घरा कवा येनार, मास्तर?” मी कुलपाशी खटपट करत बसतो. डॉक्टर म्हणाले, हृदय फार थकलंय, कुणाला बोलवायचं असेल तर बोलवून घ्या. तार करायला गेलो होतो. फॉर्म हातात घेतला आणि तसाच परत आलो. लिहिलं की खरंच होईल असं वाटलं.

तिला मात्र सांगून बसलोय, नंदू निघालाय म्हणून. ती दाराकडे बघत पडून असते.

आता हसू नकोस. तिच्या नवसांना मी जन्मभर हसलो. इकडे सगळ्या मूळ संख्यांनी भागून झालं, एकानेही भाग गेला नाही. शेवटची तेवढी २४२३ राहिली. पाच मिनिटांचं काम, पण हात धजत नाही. हा भागाकार राहिलाय तोवर ती राहील, असं मनाने घेतलंय. मास्तरकी करून हे असं.

शेजारचे अरविंदराव त्यांच्या कामाला बडोद्याला निघालेत, त्यांच्या हाती हे पत्र देतोय. त्यांच्याबरोबरच परत ये. रागावायचं असेल तर इथे येऊन रागाव. मला फार भीती वाटते रे.

आधी तिला डोळे भरून बघू दे तुला. मग तो भागाकार तू कर. माझ्याने व्हायचा नाही.

खुशाली लिहायची होती. इथे ती नाही. येताना तूच घेऊन ये.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसलेला,
बाबा